उंबऱ्यावरचं जपानी

ती. वहिनींस,

धाकट्या दिराचा वाकून नमस्कार. (साष्टांगच घालणार होतो, पण एकदा आडवा झालो की उठवायला घरात तुम्ही नाही, आणि दादाला हाक मारली तर तो आधी मी सरळ रेषेत पडलोय की तिरका, ते बघेल.) तुमचे गुडघे कसे आहेत? लेकीच्या घरी लिफ्ट आहे, म्हणजे त्यांचे चांगलेच लाड चालले असतील. त्यांना अधूनमधून आपल्या जिन्याची आठवण करून देत जा, नाहीतर परत आल्यावर ओळख दाखवणार नाहीत. नातीचा खोकला थांबला का? तिला सांगा, काकाआजोबा तिच्यासाठी एक मांजर रंगवतोय, फक्त ते अजून मांजरासारखं दिसत नाही.

आम्ही दोघं खुशाल आहोत. खुशाल म्हणजे दादा होता तसाच आहे आणि मी त्याच्याबरोबर आहे. पत्रास कारण एवढंच, की मिक्सरचं छोटं भांडं सापडत नाही. मोठ्या भांड्यात मूठभर काही वाटायला घेतलं की ते सगळं भिंतींना जाऊन चिकटतं आणि पातं खाली एकटंच फिरत राहतं. फोनवर विचारलं असतं, पण फोनवर तुम्ही ‘ते कसे आहेत’ असं विचारत नाही, आणि मी आपणहून सांगायला लागलो की ‘मी विचारलं का?’ म्हणता. पत्रात मला मध्येच तोडता येत नाही. आता भांडं कशाला हवं ते सांगायचं तर आमच्या जेवणाच्या वेळा का बिघडल्या ते सांगायला हवं, आणि ते सांगायचं तर या वयात आम्ही दोघं भाऊ जपानी शिकायला जातो हे सांगायला हवं. हसून घ्या. तोवर मी पेनाला टोपण लावून बसतो.

झालं हसून? तर तुम्ही गेल्यावर थोड्याच दिवसांनी आपल्या दुकानात केस कापणारा आला. (तोच, ज्याने मागे माझ्या मिशीची एक बाजू दुसरीपेक्षा लहान केली आणि दादाने पट्टी लावून मोजून त्याला दाखवली.) त्याला नवा बोर्ड हवा होता, आणि बोर्डावर आपल्या अक्षरांच्या बाजूला तीन जपानी अक्षरं. मोबाईलवर त्याने एक फोटो दाखवला. कुठल्याशा जपानी दुकानाच्या दारावर टांगलेली पाटी होती. अक्षरं खरंच भरदार होती. दादाने विचारलं, काय लिहिलंय? केस कापणारा म्हणाला, वाचणारंय कोण, दिसायला झक्क आहेत. झालं. तुम्हाला तुमचा नवरा माहीत आहे. आयुष्यभर बोर्ड रंगवले, पण जे स्वतःला वाचता येत नाही ते रंगवायचं नाही, हा त्याचा नियम. मी म्हटलं, अरे, आपल्याला नुसता रंग भरायचाय. तर म्हणाला, उद्या त्यात मला शिवी लिहिलेली असली म्हणजे? आणि दुसऱ्या दिवशी जाऊन जपानीच्या वर्गात दोन नावं घालून आला. दुसरं नाव कोणाचं, हे मला वर्गाच्या दिवशी संध्याकाळी कळलं.

वर्ग दातांच्या दवाखान्याच्या वर भरतो. खालून दात कोरल्याचा आवाज येतो आणि वर आम्ही आ वासून बसलेले असतो, त्यामुळे दवाखान्याचा नवा पेशंट कधीकधी चुकून वरच्या मजल्यावर येऊन बसतो. शिकवणाऱ्या बाई आपल्या लेकीच्या वयाच्या आहेत, पण त्यांना ‘सेन्सेई’ म्हणायचं असतं, आणि दादा ते इतक्या अदबीने म्हणतो की मला आमच्या आईवडिलांचं वाईट वाटतं, त्यांच्या वाट्याला असला आवाज कधी आला नव्हता. पहिल्याच दिवशी सेन्सेईंनी सांगितलं, की जपानी लिहायला लिपी एक नाही, तीन आहेत, आणि तिन्ही एकाच वाक्यात शेजारी शेजारी नांदतात. मी तिथेच उठणार होतो, पण दादाचा पाय माझ्या पायावर होता.

तुम्हाला समजावून सांगतो, कारण मला समजलंय की नाही ते त्यावरून मलाही कळेल. पहिली हिरागाना. गोल, वळणदार, घरच्या शब्दांसाठी. ही घरातली माणसं समजा. दुसरी काताकाना. उच्चार तेच, पण अंगाने टोकदार, आणि कामाला कुठे, तर बाहेरून आलेल्या शब्दांना. म्हणजे पाहुण्यांसाठी वेगळे कप काढतात ना, तसं. (आमची नावं याच लिपीत लिहायची असतात. दादाला ते फार लागलं. मन लावून शिकायला आलो तरी पाहुणाच का, असं त्याने मला दोनदा विचारलं, जसं काही लिपी मी काढली.) आणि तिसरी कांजी. ही घरातली वडीलधारी मंडळी. एकेका अक्षरात अख्खा अर्थ घेऊन बसलेली, आणि कोणाबरोबर बसली आहेत त्यावर त्यांना हाक मारायची पद्धत बदलते. एकाच माणसाला कोणी काका म्हणतं, कोणी मामा, तसं. ही मंडळी हजारोंनी आहेत आणि एकही कमी महत्त्वाची नाही, असं सेन्सेई हसतमुखाने सांगतात.

मला कांजी आवडल्या. एक झाड म्हणजे झाड, दोन झाडं म्हणजे राई, तीन झाडं म्हणजे जंगल. इतकी सरळ गोष्ट मला आजवर कोणी शिकवली नव्हती. झाडाला टेकलेला माणूस म्हणजे विश्रांती. (हे अक्षर मी दुकानात माझ्या स्टुलाच्या वर रंगवलंय. दादाने त्याच्याखाली कामाची वेळ लिहिली.) मग एक अक्षर आलं, वर छप्पर आणि छपराखाली बाई. सेन्सेईंनी सांगितलं, याचा अर्थ शांत, निवांत. वर्ग हसला. तुम्हीही म्हणाल, बाई घरात राबली की यांना शांतताच. पण दादा हसला नाही. त्याने ते अक्षर वहीत उतरवलं आणि तास संपेपर्यंत त्याच पानावर होता. (सांगायचं तर सगळं सांगावं: त्याच अक्षराचा दुसरा अर्थ ‘स्वस्त’ असाही आहे. हे मी त्याला घरी येताना सांगितलं आणि उरलेला रस्ता त्याच्या मागून चाललो.)

पण खरी फजिती झाली ती लिहिण्यावरून. आपल्या धंद्यात अक्षर कसं करतात ते तुम्ही आयुष्यभर बघितलंय. आधी खडूने कडा, मग पोटात रंग. डावीकडून सुरुवात करा, उजवीकडून करा, वेलांटी आधी घ्या, गिऱ्हाईक बघतं ते शेवटी. दादाने पहिलं हिरागाना अक्षर तसंच केलं. पट्टी काढली, पेन्सिलीने बारीक कड आखली, आणि जीभ दातांत धरून आतून भरत गेला. बाकीच्यांची तीन पानं झाली तेव्हा दादाचं एक अक्षर झालं, पण छापल्यासारखं. सगळे वाकून बघायला लागले. मला भाऊ असल्याचा अभिमान वाटला आणि मी तसं शेजारच्याला सांगितलंही. सेन्सेई आल्या, वही उचलली, बराच वेळ बघितलं आणि म्हणाल्या, “फार सुंदर आहे. पण हे तुम्ही लिहिलेलं नाही.” त्यांचं म्हणणं असं, की तिथे प्रत्येक रेघेची पाळी ठरलेली असते. वरची आधी, खालची नंतर. डावी आधी, उजवी नंतर. एकदा ओढली की ओढली, तिच्यावर परत हात फिरवायचा नाही. जाणकाराला तयार अक्षर बघून कळतं की हात कुठून आला आणि कुठे गेला. दादाचा हात कुठूनच आला नव्हता आणि कुठेच गेला नव्हता.

घरी येताना तो एक शब्द बोलला नाही. तुम्ही विचाराल, मग नेहमीपेक्षा वेगळं काय? वेगळं हे, की घरी आल्यावर त्याने कोरडा ब्रश धुतला. आणि दुसऱ्या दिवसापासून कडा आखणं बंद. आता दुकानात रिकाम्या वेळी जुन्या फळ्यांवर पाण्याने रेघा ओढत बसतो. वाळल्या की परत ओढतो. माझी अक्षरं कशी येतात ते विचारू नका. काताकानात दोन जुळ्या बहिणी आहेत, एक वर बघून हसते आणि एक बाजूला बघून. मी कायम एकीच्या जागी दुसरीला नेऊन बसवतो आणि सेन्सेई म्हणतात, आज पुन्हा भलतीच आली.

मग आली रोजची वाक्यं. त्यात दादाला एक शब्द सापडला, ‘सुमिमासेन’. वहिनी, हा शब्द तुमच्या नवऱ्यासाठीच घडवलाय. चुकलं असेल तेव्हा सुमिमासेन, कोणी मदत केली तेव्हा सुमिमासेन, जरा सरका म्हणायचं तेव्हाही सुमिमासेन. ज्या माणसाने जन्मात कोणाची माफी मागितली नाही त्याला असा शब्द मिळाला, की माफी मागितली की वाट मागितली, हे कोणाला सिद्धच करता येऊ नये. आता शिडी घेऊन बाजारातून जाताना तो हाच जप करत जातो आणि लोक हात जोडून बाजूला होतात. जेवायला बसताना ‘इतादाकिमास’ म्हणतो. म्हणजे जे मिळतंय ते मी नम्रपणे घेतो. माझ्या हातच्या स्वयंपाकाला हे म्हणणं मला सुरुवातीला टोमणा वाटला. पण परवा दुकान बंद करताना त्याने माझ्याकडे न बघता ‘ओत्सुकारेसामा’ म्हटलं. दमलास, फार केलंस, असं काहीतरी. इतकी वर्षं बरोबर काम करतोय, पण असं त्याने मला पहिल्यांदाच म्हटलं. मी जे दिसलं त्यावर मटकन बसलो. ती ताजी रंगवलेली पाटी होती. पँट गेली, पण मी तसाच बसून राहिलो.

आता मूळ गोष्टीकडे येतो. तुम्ही गेलात ती सकाळ मला आठवते. तुम्ही दादाला काहीतरी सांगत होता, वाक्य अर्ध्यावर होतं, आणि त्याने चपला घातल्या आणि दुकानाकडे चालू लागला. संध्याकाळी तो आला तेव्हा तुमची बॅग भरलेली होती. मला म्हणालात, “भाऊजी, हा माणूस गेला ते मला दाराच्या आवाजावरून कळतं आणि आला ते चपलांवरून. जाताना ‘येतो’ नाही, आल्यावर ‘आलो’ नाही. आता त्यांनी स्वतःच्या तोंडाने बोलावलं तरच येईन.” आणि दादाचं उत्तर, की घर तिचंच आहे, तिला बोलवायचं काय. दोघांचंही बरोबर. (तुम्हा दोघांचं एकाच वेळी बरोबर असलं की मधल्यामध्ये माझं जेवण जातं, हा जुना अनुभव आहे.)

तर वर्गात दाराची वाक्यं आली. बाहेर जाणाऱ्याने म्हणायचं ‘इत्तेकिमास’, म्हणजे जाऊन येतो. परत आल्यावर दारात म्हणायचं ‘तादाइमा’, आलो. आणि घरातल्याने उत्तर द्यायचं ‘ओकाएरी’, आलात, या. सेन्सेईंनी जोड्या लावल्या. एकाने वर्गाबाहेर जायचं आणि परत यायचं, दुसऱ्याने घरात थांबायचं. दादा जाणारा, मी थांबणारा. दादा दारात उभा राहिला, घसा साफ केला, ‘इत्तेकिमास’ म्हणाला आणि गेला. मी ओकाएरी तोंडात धरून उभा. बाकीच्या जोड्यांचे लोक गेले, आले, परत गेले, परत आले. दादा नाही. खाली दातांचं यंत्र सुरू झालं, बंद झालं. सेन्सेई दोनदा माझ्याकडे बघून हसल्या. शेवटी कळलं, की दाराबाहेर पडल्यावर पायांना जी सवय होती तीच त्यांनी केली. जिना उतरले आणि दुकानात गेले. तिथे एक बोर्ड अर्धा राहिला होता, तो त्याने पुरा केला. वर मी त्याची वाट बघतोय हे त्याच्या डोक्यातही नव्हतं.

वहिनी, मी थट्टा करतो, पण एक गोष्ट सरळ सांगतो. त्या दारात उभं राहून मला फार वाईट वाटलं. उत्तर तयार ठेवून कोणाची तरी वाट बघत उभं राहायचं आणि समोरच्याला त्याची गंधवार्ता नसावी, हे काय असतं ते मला तासाभरात कळलं. तुम्ही ते किती काळ केलंत त्याचा हिशोब मी करत नाही.

पुढच्या तासाला सेन्सेई दादाला रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, की इत्तेकिमासमध्ये जाणं आणि येणं दोन्ही असतं. तुम्ही फक्त गेलात. दादाने मान खाली घातली. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चपला घातल्यावर स्वयंपाकघराकडे तोंड करून ‘इत्तेकिमास’ म्हणाला. स्वयंपाकघरात कोणी नव्हतं. मी तर त्याच्या मागे, माझी चप्पल शोधत होतो. संध्याकाळी दारात ‘तादाइमा’ म्हणाला आणि आत जाईना. उत्तर आल्याशिवाय आत यायचं नाही असं सेन्सेईंनी कधीच सांगितलेलं नाही. हा त्याने स्वतःला लावून घेतलेला नियम आहे. मी त्याच्या बाजूलाच उभा होतो. मी ‘ओकाएरी’ म्हटलं तर म्हणाला, तू बाहेर आहेस, आतून म्हण.

तेव्हापासून रोज संध्याकाळी मी दुकान बंद झालं की स्कूटर पळवत घरी येतो, जिने चढतो, आत जाऊन दार लावून घेतो आणि धापा टाकत उभा राहतो. दादा चालत येतो, बाहेरून तादाइमा म्हणतो, मी आतून ओकाएरी म्हणतो, मग तो येतो. (तुमच्या आवाजात म्हणून बघितलं एकदा. तीन दिवस बोलला नाही.) मागच्या आठवड्यात स्कूटर पंक्चर झाली आणि मला उशीर झाला. दादा दारासमोर पिशवी घेऊन उभा. खिशात किल्ली, पण लावणार नाही. समोरच्या बाईंनी विचारलं, किल्ली हरवली का? हा म्हणाला, सुमिमासेन. बरं वाटत नाही का? सुमिमासेन. त्यांना वाटलं, तुम्ही गेल्याचा धक्का बसून याची वाचा गेली. त्यांनी धावपळ करून किल्लीवाल्याला आणलं, त्याने कुलूप फोडून काढलं, दार उघडलं आणि म्हणाला, जा काका आत. दादा तरीही आत जाईना. मी पोचलो तेव्हा अर्धा जिना माणसांनी भरला होता. मला त्या सगळ्यांमधून वाट काढत आत जावं लागलं, (सुमिमासेन, सुमिमासेन) आणि सगळ्यांच्या देखत कुलूप नसलेलं दार लावून ‘ओकाएरी’ म्हणावं लागलं. समोरच्या बाई आता मला भेटल्या की हळू आवाजात, तुमचंही बरं आहे ना, असं विचारतात.

केस कापणाऱ्याचा बोर्ड झाला. त्याच्या फोटोतली तीन अक्षरं सेन्सेईंनी वाचून दाखवली. ‘तयारी चालू आहे’, म्हणजे दुकान अजून उघडलेलं नाही. दादाने विचारलं नसतं तर तो जन्मभर बंद राहिला असता. आता त्याच्या बोर्डावर ‘केस’ या अर्थाचं एकच अक्षर आहे, आणि ते इतक्या रेघांचं आहे की त्यालाच आधी विंचरावंसं वाटतं. दादाने ते कडा न आखता, पाळीने, एका दमात लिहिलं. सेन्सेई बघायला आल्या होत्या. त्या म्हणाल्या, हे लिहिलंय. नमुन्याची ‘तयारी चालू आहे’ची फळी उरली, ती दादाने आपल्या स्वयंपाकघराच्या दारावर ठोकली आहे.

बाकी ठीक. गुडघ्यांना जपा. भांड्याचं तेवढं कळवा.

तुमचा,
धाकटा भाऊजी

ता. क. भांडं सापडलं. दादाने ब्रश भिजवायला दुकानात नेलं होतं. तेव्हा भांड्याचं काही कळवू नका, आणि रागवायचं असेल तर इथे येऊन रागवा.

आणखी एक ता. क. भांड्यासाठी पत्र लिहिलं नव्हतं हे तुम्ही पहिल्याच पानावर ओळखलं असेल. वहिनी, माझ्याने आता ते जिने होत नाहीत. आणि ओकाएरी माझ्या तोंडी शोभत नाही. ती जागा माझी नाही. तुम्ही या.

शेवटचा ता. क. घाईत लिहितोय. पत्र टेबलावर ठेवून मी आंघोळीला गेलो (मुद्दाम), आणि दादाने ते वाचलं (हेही मुद्दामच असणार). म्हणाला, त्या छपराच्या कांजीबद्दलचं बरोबर लिहिलंस. मग म्हणाला, पोस्टात नको टाकू, मी घेऊन जातो. इस्त्रीचा शर्ट घातलाय. बसची वेळ विचारून आला. नव्या कुलपाची तुमची किल्ली खिशात घातली. मी त्याला सांगितलं, तिथे दारात ‘तादाइमा’ म्हणू नकोस, ते आपल्याच घरी परतल्यावर म्हणायचं असतं, लेकीच्या दारात नाही. तो चपला घालत होता. “माहीत आहे,” म्हणाला.

तेव्हा वहिनी, हे पाकीट तुमच्या हातात देऊन काहीतरी पुटपुटून जो माणूस उभा राहिला, आणि तुम्ही आत या म्हणालात तरी आला नाही, तो वेडा झालेला नाही. तुम्ही माझी ही पानं वाचत बसलात तेवढा वेळ तो बाहेर उभा आहे. मला हे आधी सुचलं असतं तर इतकं लांबवलं नसतं. शब्द तुम्हाला आता माहीत आहे. पत्र खाली ठेवा आणि आतून म्हणा.